चर्चा : क्यूबाच्या लेखकाचा आवाज कुणी बंद केला, व्यापारबंदीने की क्रांतीने?

दुपारचा वाचक (धागाकर्ता)

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी क्यूबा पहिल्यांदा पाहिला तो पुलंच्या 'एका कोळियाने'मध्ये. हेमिंग्वेचा तो म्हातारा कोळी हवानाजवळच्या समुद्रातला. पुढे अरुण साधूंमुळे क्यूबन क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रो आणि चे भेटले. पण खुद्द क्यूबाचे लेखक मराठीत फारसे आलेच नाहीत. मी तीन वर्षांपासून स्पॅनिश शिकतो आहे आणि अडखळत का होईना, त्यांना वाचतो आहे. त्यातून माझं एक मत झालं आहे.

क्यूबात कागद, शाई, औषधं, यंत्राचे सुटे भाग यांची चणचण झाली, तिला अमेरिकेची व्यापारबंदी पुष्कळ जबाबदार आहे. ती बंदी अन्यायाची आहे, उठायला हवी. पण लेखक गप्प झाला तो व्यापारबंदीमुळे नाही. त्याला घरातल्यांनी गप्प केलं.

जून १९६१. हवानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात फिडेल लेखक-कलावंतांशी बोलायला बसले. निमित्त होतं एका छोट्या माहितीपटाचं. त्यात हवानाच्या रात्री होत्या, बंदरावरचे बार, नाच, दारू. क्रांतीला शोभत नाही म्हणून त्यावर बंदी आली. त्या बैठकीत नाटककार विर्हिलिओ पिन्येरा उभा राहिला आणि आपल्याला भीती वाटते, एवढंच म्हणाला. फिडेलचं उत्तर प्रसिद्ध आहे: क्रांतीच्या आत सगळं चालेल, क्रांतीच्या विरुद्ध काहीही नाही. आत कुठपर्यंत आणि विरुद्ध कुठून सुरू, हे ठरवणार कोण, ते कुणी सांगितलं नाही. त्याच वर्षी 'लुनेस दे रेवोलुसिओन' ही साहित्य पुरवणी बंद झाली. पूर्ण व्यापारबंदी केनेडींनी लावली ती फेब्रुवारी १९६२ मध्ये. म्हणजे वाक्य आधी आलं, बंदी नंतर.

मग एबेर्तो पादिया. १९६८ मध्ये या कवीच्या संग्रहाला क्यूबाच्या अधिकृत लेखक संघाचंच पारितोषिक मिळालं. संघाने पुस्तक छापलं, पण सुरुवातीला आपला निषेध जोडून. त्यातल्या एका कवितेत कठीण काळात एका माणसाकडे त्याचा वेळ मागतात. मग हात मागतात, डोळे, ओठ, पाय, छाती, जीभ. सगळं देऊन झाल्यावर त्याला सांगतात, आता चालायला लाग. मार्च १९७१ मध्ये पादियाला अटक झाली. महिनाभराहून अधिक काळ आत ठेवून २७ एप्रिलला त्याला लेखक संघाच्या सभागृहात आणलं. तिथे तो घामाघूम होत स्वतःला दोषी म्हणाला आणि बायकोचं, मित्रांचंही नाव घेत गेला. ते चित्रण पन्नास वर्षं दडलेलं होतं. २०२२ च्या एका माहितीपटामुळे ते सगळ्यांना दिसलं. मी ते दोनदा पाहिलं. त्या खोलीत अमेरिका कुठेच नव्हती.

कृष्णाकाठ

धागा मनापासून लिहिला आहे, म्हणून मीही मनापासून विरोध करतो. तुमचा कालक्रम अर्धा आहे.

जून १९६१ च्या दोनच महिने आधी, एप्रिलमध्ये, सीआयएने तयार केलेले सुमारे १४०० बंडखोर प्लाया हिरोनच्या (बे ऑफ पिग्जच्या) किनाऱ्यावर उतरले होते. त्याआधी जुलै १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाचा साखरेचा कोटा तोडला. ज्या देशाचं सगळं पोट उसावर, त्याची साखर घ्यायची थांबवणं म्हणजे काय, हे आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल १९६० चं अमेरिकी परराष्ट्र खात्यातलं लेस्टर मॅलरी यांचं टिपण आता उघड झालेलं आहे. क्यूबाच्या बहुसंख्य जनतेचा कॅस्ट्रोला पाठिंबा आहे हे त्यात मान्य केलं आहे, आणि म्हणून पैसा आणि पुरवठा तोडून भूक आणि हताशा वाढवावी, म्हणजे सरकार उलथेल, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही 'व्यापारबंदी' म्हणता, क्यूबातले लोक तिला 'ब्लोकेओ', नाकेबंदी म्हणतात. असा वेढा पडलेल्या घरात माणसं दार लावून घेतात.

दुसरं असं की, लेखकाचा आवाज म्हणता, तर ऐकणारे कुठून आले? १९६१ मध्येच सुमारे एक लाख विद्यार्थी कंदील आणि पुस्तकं घेऊन डोंगरांत, मळ्यांत गेले. वर्षभरात सात लाखांहून अधिक माणसं लिहायला-वाचायला शिकली. त्या कामात पोरं मारली गेली. कोन्रादो बेनितेस अठरा वर्षांचा होता. सरकारी छापखान्याने पहिलं पुस्तक कुठलं काढलं? फिडेलची भाषणं नव्हे, 'दोन किहोते', म्हणजे आपण ज्याला 'डॉन क्विक्झोट' म्हणतो ती कादंबरी. चार भाग, एक लाख प्रती, एकेक भाग पंचवीस सेंतावोंना. हे करणाऱ्या सरकारला साहित्याचा शत्रू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९९२ मध्ये डाव्या पक्षांनी देशभरातून दहा हजार टन गहू जमवून क्यूबाला जहाज पाठवलं, तेव्हा आमच्या गावात पावत्या घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत मी होतो. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

रातराणी

काका, तुमच्या पावत्यांबद्दल आदर आहे. पण ज्या साली तुम्ही गहू जमवत होतात, त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, हवानात मारिया एलेना क्रूस वारेला या कवयित्रीच्या घरात जमाव घुसला. तिला फरफटत बाहेर आणलं आणि तिने लिहिलेले कागद तिच्याच तोंडात कोंबले. नंतर तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्या हल्ल्याच्या दोनच वर्षं आधी तिला लेखक संघाचं काव्य पारितोषिक मिळालं होतं. तिने काय केलं होतं? सुधारणा मागणाऱ्या पत्रकावर सही.

साक्षरतेचं म्हणाल तर मला रेनाल्दो आरेनास आठवतो. ओल्गिनकडच्या खेड्यातला गरीब घरचा पोरगा. क्रांतीने ज्यांना वर काढलं त्यांतलाच, पोरसवदा वयात बंडखोरांना सामील झालेला. १९६७ मध्ये त्याची पहिली कादंबरी क्यूबात निघाली आणि तीच तिथे निघालेली शेवटची. पुढची हस्तलिखितं चोरून बाहेर पाठवावी लागली. एक कादंबरी गेली म्हणून पुन्हा लिहिली, पुन्हा गेली, पुन्हा लिहिली. तो समलिंगी होता, लपवत नव्हता. एल मोर्रोच्या किल्ल्यात कैद भोगली आणि १९८० मध्ये मारिएल बंदरातून निसटला. त्याच्यासारख्यांना 'सुधारण्यासाठी' १९६५ ते ६८ श्रमछावण्या होत्या. २०१० मध्ये खुद्द फिडेलनी समलिंगींच्या छळाची जबाबदारी आपली असल्याचं एका मेक्सिकन वृत्तपत्राला सांगितलं. त्यांनी मान्य केलं, मग आपण इथे बसून वेढ्याचं कारण का द्यायचं? वेढा पडला म्हणून घरातल्याच पोराला कोंडतात का?

माणसाला वाचायला शिकवलं, हे खरंच मोठं काम. पण शिकवणाऱ्याने पुस्तकाच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवली.

कागद-शाई

मी छापखान्यातला माणूस. वडिलांपासून ट्रेडल चालवली, आता ऑफसेट. मला या वादात कागदाबद्दल बोलायचं आहे, कारण त्याचा हिशोब इथे कुणीच नीट मांडलेला नाही.

क्यूबाचा कागद तीस वर्षं मुख्यतः सोव्हिएत संघाच्या कृपेवर चालला. ती बाजारपेठ एकदम कोसळली, म्हणून १९९० नंतर पुस्तकं पातळ झाली, मासिकं बंद पडली. देशाचं उत्पन्नच तीन-चार वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरलं. म्हणजे पहिला धक्का वॉशिंग्टनचा नव्हे, मॉस्कोचा. पण माणूस पडल्यावर त्याच्या छातीवर कोण बसलं? १९९२ मध्ये अमेरिकेने कायदा केला: क्यूबाच्या बंदराला लागलेलं जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकी बंदरात माल चढवू-उतरवू शकणार नाही. म्हणजे कुठल्याही देशाचा जहाजवाला क्यूबाला जायचं तर जादा भाडं मागणार. १९९६ मध्ये आणखी एक कायदा. कागदाची रिळं जहाजानेच येतात.

आता क्यूबातल्या मातान्सास शहराबद्दल. १९८५ मध्ये तिथे काही तरुण मंडळींनी 'विहिआ' नावाचं प्रकाशन काढलं. सायक्लोस्टाइल यंत्र, खाटकाच्या दुकानातला भुरकट कागद, दोरे, चिंध्या, वाळकी पानं. प्रत्येक प्रतीवर हाताने रंगकाम. एका पुस्तकाच्या दोनशे प्रती. त्यातलं एक पुस्तक मला एका प्रदर्शनात हातात धरायला मिळालं. शिवण इतकी घट्ट की आमच्या बाइंडरने शिकावी. जगभरची ग्रंथालयं आता ती पुस्तकं जपून ठेवतात.

मात्र याचं फार कौतुक करताना मला त्रास होतो. दोनशे प्रती म्हणजे दोनशेच वाचक. 'दोन किहोते' लाखात छापणाऱ्या देशात कवी दोनशेवर आला. ती कला मनापासून आवडली तरी ती टंचाई कुणाच्या वाट्याला येऊ नये.

फ्लोरिडातून

मी इथे बारा वर्षं आहे. आमच्या शेजारच्या आजी १९८० मध्ये मारिएलमधून आल्या. त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली. आजींना व्यापारबंदी हवी आहे, एक इंचही ढिली नको. आणि त्याच आजी दर दोन महिन्यांनी बहिणीसाठी औषधं, कॉफी, बॅटऱ्या यांचं पार्सल बांधतात. मी एकदा विचारलं, हे दोन्ही एकत्र कसं? त्या म्हणाल्या, एक सरकारसाठी, एक बहिणीसाठी. मला ते पटलं नाही, कारण उपास नेहमी बहिणीलाच घडतो. पण त्यांच्यासमोर तसं बोलायची हिंमत झाली नाही.

त्या क्यूबाचे राष्ट्रकवी होसे मार्ती यांच्या ओळी तोंडपाठ म्हणतात. हवानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला मार्तींचं नाव आहे आणि अमेरिकी सरकार क्यूबाकडे जो रेडिओ प्रसारित करायचं त्यालाही मार्तींचंच. कवी एकच.

दुपारचा वाचक

कृष्णाकाठ, प्लाया हिरोनचं मी लिहायला हवं होतं. ती माझी चूक. पण हल्ला एप्रिलमध्ये परतवला गेला, सरकार जिंकलं होतं, लोक सोबत होते. जिंकलेल्या माणसाने नाटककाराची भीती घालवायची की वाढवायची? आणि पादियाच्या वेळी तर दहा वर्षं उलटली होती. १९७१ नंतरच्या काळाला क्यूबाच्याच समीक्षकाने, आम्ब्रोसिओ फोर्नेतने, 'करडी पाच वर्षं' असं नाव दिलं. तो क्रांतीच्या बाजूचाच माणूस. पादियाला पारितोषिक देणाऱ्या परीक्षकांत लेसामा लिमा होता. 'पारादिसो'सारखी कादंबरी लिहिलेला हा माणूस १९७६ मध्ये मरेपर्यंत आपल्याच शहरात अस्पृश्यासारखा राहिला. पिन्येरा १९७९ मध्ये गेला, तोही तसाच.

एक गोष्ट माझ्या मताच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. २००४ च्या सुमारास अमेरिकी अर्थखात्याने असा अर्थ लावला की क्यूबा, इराण, सुदान इथल्या लेखकाचं तयार हस्तलिखित छापता येईल, पण परवान्याशिवाय त्यावर संपादन करणं म्हणजे शत्रूला सेवा पुरवणं. स्वल्पविराम दुरुस्त केला तरी गुन्हा. प्रकाशक कोर्टात गेले, तेव्हा वर्षअखेरीस नियम सैल झाला. म्हणजे व्यापारबंदी साहित्याला थेट शिवलीच नाही, असं मला म्हणता येणार नाही.

आणि म्हणून मला लेओनार्दो पादुरा महत्त्वाचा वाटतो. हवानाच्या मान्तिया या वस्तीत जन्मला, अजून तिथेच राहतो. त्याचा मारिओ कोंदे हा पोलीस खुनाचा तपास करताना भंगलेली घरं, रिकामी दुकानं, पळून गेलेले मित्र, सगळं दाखवतो. २००९ मध्ये त्याने रशियन क्रांतीतला नेता ट्रॉट्स्की याच्या खुन्यावर कादंबरी लिहिली. तो खुनी शेवटची वर्षं हवानात राहिला होता, हे क्यूबात कुणी बोलत नसे. २०१२ मध्ये त्याला राष्ट्रीय साहित्य पुरस्कारही मिळाला. म्हणजे आत राहून खरं लिहिता येतं.

रातराणी

येतं, पण कुणाला? पादुराचं पुस्तक आधी स्पेनमध्ये निघतं, त्याला बाहेर वाचक आहे, नाव आहे. नाव नसलेल्याचं काय? २००३ मध्ये ७५ सरकारविरोधकांना पकडलं, त्यात कवी राऊल रिवेरो. वीस वर्षांची शिक्षा. जगभर ओरड झाली म्हणून दीड वर्षात सुटला. जुलै २०२१ मध्ये लोक रस्त्यावर आले. त्यानंतर ओतेरो आल्कान्तारा या कलावंताला पाच वर्षं, माइकेल ओसोर्बो या रॅप गायकाला नऊ वर्षं. एका गाण्याची धास्ती घेणारं सरकार वेढ्यामुळे धास्तावलेलं नाही, गाण्यामुळेच धास्तावलेलं आहे.

आणि हो, मलाही व्यापारबंदी नको आहे. २००१ पासून अमेरिकेतूनच कोंबडी जाते, आगाऊ रोख भरून. म्हणजे ना धड बंदी, ना धड व्यापार. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १८७ देश तिच्या विरोधात होते, बाजूने फक्त अमेरिका आणि इस्रायल. ती उद्या उठावी. मग तुरुंगातल्या कवीसाठी सरकारला दुसरं कारण शोधावं लागेल.

कृष्णाकाठ

काल रात्री ते पादियाचं चित्रण पाहिलं. मुलीने लावून दिलं.

नाकेबंदीबद्दल मी लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. साठ वर्षांहून अधिक काळ एका छोट्या देशाला उपाशी ठेवणाऱ्यांना स्वातंत्र्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, हे माझं मत कायम आहे. साक्षरतेबद्दलही कायम आहे. पण 'दार लावून घेतात' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य मागे घेतो. पादिया बोलत असताना कॅमेरा समोर बसलेल्यांवर जातो. सगळे लेखक. कुणी सिगारेट ओढतो आहे, कुणी खाली बघतो आहे. ज्यांची नावं घेतली ते एकेक करून उठतात आणि आपणही चुकलो म्हणतात. एकटा नोर्बेर्तो फुएन्तेस उठून म्हणतो की त्याला हे मान्य नाही.

आमच्या पक्षशाखेत मी अशा बैठका पाहिल्या आहेत. लहान प्रमाणात, चहा घेऊन. एका सोबत्याला आम्ही असंच उभं केलं होतं, १९७८ साली. तो नंतर कधी आला नाही. मी तेव्हा खाली बघत होतो.

कागद-शाई, त्या मातान्सासच्या पुस्तकाचा फोटो असेल तर टाका. ती शिवण बघायची आहे.