सिटी थोडी खाली बसवायची आहे, पण मागे आई बसते (वडोदरा)

रावपुरा_सिटी

नमस्कार मंडळी. गाडी होंडा सिटी, चौथी पिढी, पेट्रोल, वर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट (आरसीवर नोंद आहे). टायर मूळ मापाचेच, 175/65 आर15. गाडीवर जीव आहे, पण पुढच्या चाकावरची पोकळी बघितली की कोणीतरी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातून निघालंय असं वाटतं.

रेसिंग करायची नाही. कामासाठी एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाणं होतं, तिथे शंभरच्या वेगात लेन बदलताना गाडी डोलते. ते कमी व्हावं आणि गाडी जरा बसलेली दिसावी, एवढंच. अडचण मागच्या सीटवर आहे. आईला मणक्याचा त्रास, आणि गरुडेश्वर नाहीतर नारेश्वर म्हटलं की सगळ्यांत आधी चप्पल घालून तीच तयार.

एक गॅरेजवाला म्हणाला, स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, तासाभराचं काम. दुसऱ्याने 40 मिमी खाली करणाऱ्या स्प्रिंगा दाखवल्या. आईच्या पाठीला न कळता किती खाली जाता येईल?

वाघोडिया_रोड

कापणाऱ्याकडे परत जाऊ नकोस. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. बाकी काका सांगतीलच.

स्प्रिंगवाले_काका

सांगतो. मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) आयुष्यभर स्प्रिंगाच गुंडाळल्या, मोटारीच्या कमी आणि प्रेस मशीनच्या जास्त. पण तारेला ती कुठे बसणार आहे ते कळत नाही.

वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक गेला, तर सहा भागिले पाच, म्हणजे 20 टक्के कडक. ते 20 टक्के कोणी हिशोब करून दिलेले नसतात, करवतीने दिलेले असतात. कोणी गॅसने तापवून स्प्रिंग बसवून देतो म्हणाला तर गाडी तिथून हलव. त्या तारेचं पाणीच, म्हणजे टेंपरच, उतरतं.

आता आईच्या पाठीचं. लोक समजतात स्प्रिंग कडक म्हणजे पाठीला त्रास. अर्धंच खरं आहे. घरगुती मोटार साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होईल अशी बांधतात. बसलेल्या माणसाच्या धडाला जास्त झोंबतात ते चार ते आठ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे धक्के. 1.2 चं 1.35 झालं तर आईला कळणारही नाही. कळतं ते बंप स्टॉपवर आपटणं. शॉकअपच्या दांड्यावर तो फोमसारखा ठोकळा असतो, जागा संपली की गाडी त्यावर बसते आणि तो धक्का सरळ मणक्यात जातो. म्हणजे सुखाचा हिशोब मुख्यतः उरलेल्या जागेचा आहे.

नुसतं उदाहरण घे, तुझ्या गाडीचे आकडे नव्हेत. रिकाम्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत 70 मिमी जागा आहे. माणसं, सामान आणि टाकी मिळून त्यातले 40 गेले. राहिले 30. त्यावर 40 ने खाली करणारी स्प्रिंग घातलीस तर ती थोडी कडक असली तरी भरलेली गाडी खड्डा यायच्या आधीच ठोकळ्यावर टेकलेली असेल. दुकानदार दाखवतो तेव्हा गाडी रिकामी असते, म्हणून त्याचं खोटंही नसतं.

आता पोट घासण्याचं बघ. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची जागा, 165 मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच, पण 3.7 मीटर रुंद, 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. तुझ्या 2.6 मीटरच्या व्हीलबेसखाली (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तो जेमतेम 5 सेंमी वर येतो, कारण चाकंही त्याच्यावरच चढलेली असतात. सोसायटीवाले डांबराचा जो अरुंद बम्प घालतात तो मात्र पुरे 10 सेंमी पोटात घुसवतो. भरल्या गाडीचे 125 धर, स्प्रिंग कडक म्हणून 40 ऐवजी 35 वजा कर, राहिले 90. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) घासलाच. म्हणून आपल्या गावात मोजमाप हायवेवर करू नये, सोसायटीच्या फाटकात करावं.

दुरुस्तीच्या आधी एक कर. शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय घट्ट बांध आणि खाली अंगापर्यंत सरकव. कव्हर असेल तर आधी वर कर. सगळी मंडळी बसव, टाकी भर, खराब रस्त्याने फिरून ये. टाय दांड्यावर जिथे थांबला तिथपर्यंत गाडी दबली होती. मग बोलू.

अकोटा_पोलो

माझी पोलो 35 मिमी खाली आहे, स्प्रिंगांबरोबर त्याच लांबीसाठी बनलेले शॉकअप. मी आणि बायको असलो तर झकास. सासू-सासरे मागे बसले की रस्त्याच्या जोडांवर मागून ठक ठक येतं आणि मग आरशात सासरे दिसतात. गल्लीचा उतार तिरका घेतो. पावसाळ्यात अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्याकडे वळतही नाही, पण तिथे पाणी भरलं की वळत तर कोणीच नाही.

खाली केल्यावर अलाइनमेंट लगेच करा. पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो आणि टायर आतल्या कडेने खातो.

दर्जीपुरा_चक्कर

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52: आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजीसाठी नोंदीची वाट आहे म्हणून तुमचं किट चालतं. गाडी खाली करायला तशी सरळ वाट नाही, आणि क्लेमच्या वेळी विमावाला विचारू शकतो. जे कराल ते हे धरून करा.

रावपुरा_सिटी

काका, टाय बांधला. मागे आई, बाबा आणि मुलगा, टाकी भरलेली, डभोईपर्यंत जाऊन आलो. मागचा टाय ठोकळ्याला जवळजवळ टेकलाय, बोटभरही जागा नाही. पुढे तीन बोटं आहेत. म्हणजे मागे आत्ताच संपलंय?

स्प्रिंगवाले_काका

संपलंय, आणि तुझ्या धोतराचं कारणही तेच आहे. डिकीत पन्नास-साठ किलोची टाकी कायमची बसली, शेपूट खाली गेलं, म्हणून नाक वर दिसतं. पुढची पोकळी वाढलेली नाही, मागची कमी झाली आहे. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घे, म्हणजे दिसेल.

मागे एक मिलिमीटरही खाली करायचं नाही. उलट, रिकाम्या गाडीची मूळ उंची टाकीसकट परत मिळेल अशी दहाएक टक्के कडक स्प्रिंग शोध. वेढ्यांमध्ये दाबून बसवायचे रबरी बफर मिळतात ते नको. ते काही वेढे बांधून टाकतात आणि उरलेल्यांवर जास्त ताण येतो.

पुढे 15, फार तर 20 मिमी. आणि पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा फार कडक घेऊ नकोस. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंजिनियरने हे सिद्ध करून दाखवलं होतं: खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्याला, म्हणून मागची बाजू किंचित जलद वरखाली झाली तर दोन्ही टोकं बरोबर शांत होतात. उलटं केलंस तर गाडी मागेपुढे डुलत राहते आणि मागे बसलेल्याची मान हलत राहते.

खाली केलं म्हणजे डोलणं आपोआप कमी होतं असंही नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (तुझ्या पुढच्या चाकांची स्प्रिंग-शॉकअपची एकत्र जोडणी) गाडी खाली केली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतं. तरफ लांब होते. स्प्रिंग तेवढी कडक नसेल तर डोलणं वाढतंसुद्धा. तुझी शंभरच्या वेगातली तक्रार मला शॉकअपची वाटते. मूळचेच असतील तर आधी चारही नवे टाक, नुसते, स्प्रिंग न बदलता. त्यानंतरही पोकळी खुपली तर 185/65 आर15 टायर बघ. चाक 13 मिमीने मोठं होतं, त्यातली निम्मी उंची पोटाला मिळते आणि निम्मी पोकळी भरते. स्पीडोमीटर दोन टक्के कमी दाखवेल.

रावपुरा_सिटी

म्हणजे खाली करायला आलो आणि तुम्ही मागून वर करायला लावताय. आईला सांगितलं, ती म्हणाली काकांना घरी बोलाव. शॉकअप या आठवड्यात बघतो. गॅरेजवाल्याला काय बजावून सांगू?

स्प्रिंगवाले_काका

लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या रबरी बुशचे बोल्ट सोडले, तर शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उभी असताना, वजनासकट. लिफ्टवर लटकलेल्या गाडीत घट्ट केले की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी खाली आली की सतत ताणात राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून पिट असलेलं वर्कशॉप बघ, मकरपुऱ्यात आहेत. आणि शॉकअप जोडीने बदलायचे, एकच बाजू गळतेय म्हणून एकच नाही.

घरी येतो, पण रविवारी नको, मॅच आहे.