जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू: कधी पाहिलात, काय आवडलं, काय खटकलं? (अनुभव धागा)

गिरगावची_शमा
परवा भाचा मोबाईल नाचवत आला, "मावशी, हा अमेरिकेचा मलिनिन बघ, हवेत साडेचार गिरक्या!" पोरगं अफाट आहे, वादच नाही. क्वाड ॲक्सेल, म्हणजे ही साडेचार गिरक्यांची उडी, स्पर्धेत पूर्ण करणारा पहिला, सप्टेंबर २०२२, लेक प्लॅसिड. पण मला आठवला त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकला याच उडीवर आपटलेला हान्यू, आणि मग थेट सोची ऑलिंपिक २०१४ ची रात्र.
चाळीतली खोली, सगळे झोपलेले, म्हणून कॉम्प्युटरचा आवाज बंद. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, पठ्ठ्या सुरुवातीलाच सालकॉ उडीवर पडला, पुढे फ्लिप उडीवर पडला. तरी सुवर्ण, कारण आदल्या दिवशी शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, १०१.४५ गुण. शंभरी ओलांडणारा पहिलाच. संगीत मला ऐकूच येत नव्हतं, तरी हात आणि मान बघून ताल कुठे आहे ते कळत होतं. त्या रात्रीपासून मी त्याची.
तुमचं लिहा. नुसती आरती नको, खटकलेलंही येऊ द्या. माझं खटकलेलं: त्याची लुट्झ उडी. तो यायच्या आधीच माझ्या पोटात गोळा.

टग्या_दादरकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. त्याचा अमेरिकन प्रतिस्पर्धी नेथन चेन, त्याचे चाहते येतीलच.

ठाणे_स्लो
आलो 😀 २०१९ ची जागतिक स्पर्धा, जपानमधलं सैतामा, म्हणजे हान्यूच्याच अंगणात: नेथन चेन ३२३.४२, हान्यू ३००.९७. त्याच डिसेंबरात तुरिनला ग्रां प्री फायनल, फरक जवळपास ४४ गुणांचा. हे सगळं येल विद्यापीठात शिकता शिकता. हान्यू दिसतो सुंदर, मान्य. पण फ्रीच्या शेवटच्या मिनिटात त्याचा दम लागलेला मला इथून दिसतो. नेथन २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला शॉर्टमध्ये सतरावा होता, दुसऱ्या दिवशी सहा क्वाड (चार गिरक्यांच्या उड्या) लावून पाचवा आला. काळीज लागतं.

शमा
हान्यूला लहानपणापासून दमा आहे हो. दम लागणारच.

ठाणे_स्लो
माहितीये. म्हणून गुण वाढवून द्यायचे का?

पार्ल्याची_कथकवाली
आकडे कळले, आता पाय बघा. ट्रिपल ॲक्सेलच्या आधी बहुतेक जण लांब सरळ घसरत जातात, खांदे बांधतात, श्वास घेतात. आपल्याला कळतं, आली उडी. हा उलटा जाता जाता काउंटर घेतो आणि त्या वळणातूनच वर. खाली आला की पाय ठेवून उभा राहत नाही, लगेच ट्विझल, म्हणजे एका पायावर पुढे सरकत गिरक्या. तिहाई समेवर पडते आणि पुढचा बोल त्याच श्वासात सुरू होतो ना, तसं. मी ती क्लिप क्लासमधल्या मुलींना दाखवते, म्हणजे मध्येच थांबून टाळीची वाट बघत नाहीत.
खटकतं ते अभिनयाचं. कधी कधी फार होतो, भुवया जरा आवरायला हव्यात.

टग्या_दादरकर
भुवया 😂😂

चाकाची_आई
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. मुलगा चाकाच्या स्केटवर आहे. पहाटे ग्राउंड, मग शाळा, मी बाकावर थर्मास घेऊन. बर्फाच्या पात्याला खाली मधोमध खोबण असते, दोन्ही बाजूंना एज. चाकांना ते नाही, पण सर म्हणतात वजन टाकायचं तसंच. त्यांनी मोबाईलवर हान्यू लावला आणि म्हणाले, उड्या बघू नकोस, गुडघा बघ. खरंच, उतरताना गुडघा इतका मऊ जातो की धप्प असं काही होतच नाही. आता चिरंजीव पार्किंगमध्ये गिरक्या घेतात आणि वॉचमनकाका शिट्ट्या मारतात. सेक्रेटरींची चिठ्ठी आली आहे.
कोणाकडे ३६ नंबरचे स्केट आहेत का, वापरलेले चालतील.

विरार_फास्ट
१७ फेब्रुवारी २०१८, शनिवार. ऑफिस होतंच. चौथ्या सीटवर अर्धा टेकून मोबाईलवर फ्री स्केट. नोव्हेंबरात क्वाड लुट्झच्या सरावात घोटा गेलेला, त्यानंतर एकही स्पर्धा नाही, थेट ऑलिंपिक. अंधेरीला गर्दीचा लोंढा आत आला आणि त्याचं लँडिंग हुकता हुकता वाचलं, माझा हात शेजारच्या काकांच्या डब्यावर. मग प्रेक्षकांतून टेडींचा पाऊस. काका म्हणाले, "एवढी खेळणी? वाढदिवस आहे का त्याचा?"
३१७.८५. लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं, पुरुषांमध्ये १९५२ च्या डिक बटननंतर पहिल्यांदाच. हिवाळी ऑलिंपिकमधलं ते हजारावं सुवर्णही होतं म्हणे. काकांना हे सगळं दादरपर्यंत ऐकावं लागलं.

ठाणे_स्लो
काकांबद्दल सहानुभूती.

नाइट_ड्युटी
नर्स आहे, म्हणून माझं वेगळं. २०१४, शांघाय, चायना कप. वॉर्म-अपमध्ये यान हानशी टक्कर, बर्फावर रक्त. हा डोक्याला पट्टी बांधून परत आला, पाच वेळा पडला आणि रौप्य घेऊन गेला. लोक तो व्हिडिओ 'जिद्द' म्हणून फिरवतात. मला बघवत नाही. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आम्ही बेडवरून उठू देत नाही, तो तिथे साडेचार मिनिटं गिरक्या घेतोय. त्याचं कौतुक करण्याआधी कोणीतरी त्याला अडवायला हवं होतं. हाच त्याचा दोष, स्वतःला राखत नाही.

शमा
पूर्ण सहमत. मीही तो एकदाच पाहिला, परत लावला नाही.

शंकेखोर
धागा भलताच गोड चाललाय. पडल्यावरही कंपोनंटमध्ये (सादरीकरण, स्केटिंगचा दर्जा यांचे दहापैकी गुण) नऊच्या वर कसे? नाव बघून देतात, सरळ आहे.

पार्ल्याची_कथकवाली
कंपोनंट उड्यांचे नसतातच मुळी. पडला तर त्या उडीचे गुण कापले जातात, शिवाय एक गुण वजा. पण मोठ्या नावांना सढळ हात मिळतो हे खरं. नेथनलाही मिळायचा, तिथे तुम्ही गप्प.

बाभईकर
थोडं अवांतर. एस्सेलवर्ल्डची बर्फाची रिंक आठवते का कोणाला? शाळेची सहल, लाँचने खाडी पार, आणि मग आख्खा वर्ग कठड्याला लटकलेला. बाई सोडून. बाई मस्त मधोमध, साडी खोचून!

टग्या_दादरकर
बाईंचे कंपोनंट १०.

चाकाची_आई
😂 आमच्या बाई लाँचमध्येच थांबल्या असत्या.

विरार_फास्ट
बीजिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही. शॉर्टमध्ये पातं बर्फातल्या खड्ड्यात गेलं, क्वाड सालकॉची सिंगल (एकच गिरकी) झाली, आठव्या नंबरावर गेला. क्वाड ॲक्सेलची मूळ किंमत १२.५, क्वाड लुट्झची ११.५. म्हणजे एका गुणासाठी अख्खी अर्धी गिरकी जास्त, कारण ॲक्सेलला पुढे तोंड करून उडायचं. पदक हवं असतं तर ती उडी काढून टाकायची. याने ठेवली, पडला, नंतर सालकॉवरही पडला, चौथा आला. नेथनने हिशेब नीट केला आणि सुवर्ण नेलं. दोघंही बरोबर.

ठाणे_स्लो
दोघं कसे बरोबर? स्पर्धा आहे ना ती?

शमा
जुलैत त्याने स्पर्धा सोडलीच की. त्याला ती उडी हवी होती, पदकं दोन होती घरात.

नाइट_ड्युटी
घोटा दुखावलेला असताना. परत तेच.

शंकेखोर
बरं, लुट्झ लुट्झ करताय सगळे. ओळखायचा कसा? मला सगळ्या उड्या सारख्याच दिसतात, खोटं कशाला बोलू.

पार्ल्याची_कथकवाली
लांबून उलटा येतो, डावा पाय बाहेरच्या एजवर, मग उजव्या पायाचं टोक बर्फात रोवून उडी. वळण एकीकडे, गिरकी दुसरीकडे, म्हणून अवघड.

शंकेखोर
आणि फ्लिप?

विरार_फास्ट
टोक तसंच रोवायचं, पण डावा पाय आतल्या एजवर. बाकी रात्री, बोरीवली आलं, दारात जायला हवं.

चाकाची_आई
३६ नंबर कोणीच नाही का?