मदत हवी आहे: कंटेनरमधला तिसरा पावसाळा

नमस्कार मंडळी. डोंगराला भेगा पडल्या म्हणून महाड तालुक्यातली आमची वाडी खाली हलवली. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी हट्ट धरला नाही. "चार महिन्यांची सोय" म्हणून काका, काकी आणि आजी कंटेनरच्या घरात गेले, ते अजून तिथेच आहेत.

मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. आजी दिवसभर आंब्याखाली. वर पेंढा टाकला, तो वळवाच्या वाऱ्याने उडाला. पावसात पत्रा असा वाजतो की दरड आली म्हणून आजी दचकून उठते. पण मला खरी काळजी काकांची. गुरांना खाली जागाच नाही, म्हणून ते रोज धारांना वरच्या गोठ्यात जातात, भर पावसातही.

तळिये किंवा इर्शाळवाडीचं कुणी इथे आहे का? कंटेनरवर दुसरं छप्पर घातलंत का? मध्ये किती जागा सोडलीत? गोठ्यासाठी जागा कशी मागितलीत? आणि सातबारा सामाईक असेल, तर नवं घर कुणाच्या नावावर झालं? कृपया अनुभव सांगा, काका अर्ज लिहायला बसलेत.