गायकाच्या फोटोला उदबत्ती लावावी का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

कोल्हापुरात गंगावेशीत एका चहाच्या गाडीवर मी रोज सकाळी थांबतो. गाडीच्या मागच्या पत्र्याला तीन फोटो अडकवलेत. अंबाबाई, शाहू महाराज आणि सुधीर फडके. गाडीवाले मामा दूध चढवायच्या आधी तिन्ही फोटोंना उदबत्ती ओवाळतात आणि मगच स्टोव्ह पेटवतात. काल शेजारच्या एका पोरानं विचारलं, "मामा, हा तिसरा देव कुठला?" मामा काही न बोलता चहा गाळत राहिले. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न दिवसभर गेला नाही, म्हणून इथं मांडतोय.

माझं मत आधीच सांगतो. मामांचं बरोबर आहे. लोकप्रिय गायक हा आपल्या काळाचा आध्यात्मिक दूत असतो. प्रत्येक काळाला काहीतरी ऐकायचं असतं आणि ते त्या काळाला स्वतःला नीट सांगता येत नाही. मग एखादा गळा ते सांगून जातो. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल, ५६ गाणी, वर्षभर. माझी आजी सांगायची, त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता. गाण्याच्या वेळेला त्याला हळदकुंकू लावून हार घालायचे आणि बायका चपला बाहेर काढून बसायच्या. हे वेड नव्हतं. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं, घरंदारं मोडून माणसं शहराकडं निघालेली. त्यांना घरपण सांगणारा आवाज हवा होता, तो मिळाला.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' हे नाटक केलं. एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन नाटक कंपन्या, दोन राजे, एका रंगमंचावर. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. उणीपुरी एकतीस वर्षांचं आयुष्य. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री त्यांच्या नावाचं इथलं नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभा होतो. ज्यांनी केशवरावांचा आवाज कधीच ऐकला नाही अशी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. नुसत्या इमारतीसाठी कोणी असं रडत नाही.

दूत म्हणजे संत नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. पत्र घेऊन येणारा तो दूत. पत्र त्याचं नसतं. तुकोबांनीच म्हणून ठेवलंय, "आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा कृपावंत वाचा त्याची."

तुम्हाला काय वाटतं?

माळकरी मास्तर

रंकाळाकाठ, तुमची भावना समजते, पण तुकोबांना या वादात असं अर्धं ओढू नका. माझ्या बावीस वाऱ्या झाल्या. त्याच तुकोबांनी "बोले तैसा चाले । त्याचीं वंदीन पाउलें" असंही म्हटलंय. वंदन पावलांना आहे, गळ्याला नाही.

संताचा अभंग आणि संताचं जगणं वेगळं काढता येत नाही. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहायच्या आधी ते गाव झाडून काढायचे. खराटा आधी, चिपळ्या नंतर. आधी केलं आणि मग सांगितलं, म्हणून ते लोकांना पटलं. तुमचा लोकप्रिय गायक गातो, टाळ्या घेतो, पाकीट घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्यात वाईट काही नाही, त्याचा तो धंदा आहे आणि तो प्रामाणिक धंदा आहे. पण त्याला दूत म्हटलं की उद्या आमच्या पोरांना रियालिटी शोमधला प्रत्येक जण दूत वाटायला लागेल. शब्द स्वस्त झाला की त्या शब्दाच्या मागचं माणूसही स्वस्त होतं.

फडक्यांना मी मानतो. त्यांची गाणी मलाही पाठ आहेत. उदबत्ती मात्र नाही.

तानपुरा

मी अठरा वर्षं जयपूर घराण्याचं गाणं शिकते आहे. या विषयावर मला राग येतो, तो इथं मोकळेपणानं मांडते.

"दैवी देणगी", "वरून आलेला आवाज" हे शब्द ऐकले की मला आमच्या गुरूंची पहाटेची खोली आठवते. नोव्हेंबरची थंडी, सतरंजी, आणि सुरांचा एकच पलटा दीड तास. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. देवानं त्यातला एकही तास आमच्यासाठी भरला नाही.

आमच्या घराण्याचे मूळपुरुष अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गायक. कोल्हापूर त्यांना देव मानतं आणि देवल क्लब या गाण्याच्या संस्थेजवळ गेलं की आजही माणसाचा आवाज खाली येतो. पण त्यांची खरी गोष्ट कोणती? अतिगाण्यानं त्यांचा आवाज गेला. महिनोन् महिने गाणं बंद. आणि जो आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्या राहिलेल्या आवाजाला काय झेपेल हे शोधत त्यांनी वक्र, पेचदार, दमसासाची गायकी उभी केली. एका माणसानं, हट्टानं. त्याला "दैवी" म्हटलं की त्याचे कष्ट पुसले जातात. बाईच्या बाबतीत तर हे दुप्पट होतं. त्यांच्या शिष्या, गायिका केसरबाई केरकरांना सरस्वतीचा अवतार म्हणायला सगळे तयार, पण १९२१ पासून वर्षानुवर्षं खाँसाहेबांपुढं तासन् तास बसून त्यांनी जी तालीम घेतली त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि रंकाळाकाठ, तो अभंग पुढं वाचा. "साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाचि." साळुंकीलाही कोणीतरी *शिकवलंय*.

रंकाळाकाठ

तानपुरा ताई, पुढची ओळ तुम्ही दाखवलीत आणि मी निरुत्तर झालो हे कबूल करतो. पण त्या ओळीनं माझं म्हणणं खोटं पडत नाही, उलट पक्कं होतं. रियाज म्हणजे दूताची चाल. पत्र पोहोचवायला पायात बळ लागतंच.

केसरबाईंचंच घ्या. १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानावर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात भारताकडून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अकरा दिवस. तालीम त्यांची, मेहनत त्यांची, सगळं मान्य. पण आज सूर्यमालेच्या पलीकडं ते गाणं जातंय, ते कोणाचा निरोप घेऊन? एकट्या केसरबाईंचा तर नक्कीच नाही.

बाहेरचंही एक उदाहरण देतो. अमेरिकेतला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन. हेरॉईनच्या व्यसनात बुडालेला माणूस. १९५७ साली त्यातून बाहेर आला आणि तेव्हा आपल्याला आध्यात्मिक जाग आली असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर सॅन फ्रान्सिस्कोत त्याला संत मानणारं चर्च उभं राहिलं. तिथं प्रार्थनेत त्याचं संगीत वाजतं. मास्तर, व्यसनातून उठून उभा राहिलेला माणूस "बोले तैसा चाले" मध्ये बसत नाही का?

माळकरी मास्तर

बसतो. पण त्याच्या व्यसनमुक्तीमुळं बसतो. सॅक्सोफोन नसता तरी बसला असता.

शिवाजी पेठ

काका लोकांनो, मी कॉलेजला आहे, जमैकाचा गायक बॉब मार्ली ऐकतो, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आमच्या पेठेत निम्म्या पोरांच्या टी-शर्टवर मार्ली आहे आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं तो गांजाचा देव. तो काय होता ते मी वाचलं. जमैकात दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. डिसेंबर १९७६ मध्ये मार्लीच्या घरात घुसून त्याच्यावर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी तो जखमी हातानं स्टेजवर उभा राहिला. पुढं २२ एप्रिल १९७८ ला किंग्स्टनच्या कार्यक्रमात त्यानं मॅनली आणि सीगा या दोन्ही कट्टर विरोधी पुढाऱ्यांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांचे हात हातात घेऊन डोक्यावर उंच धरले. तो फोटो बघितला की अजून अंगावर काटा येतो.

आणि मग? १९८० च्या निवडणुकीत त्याच जमैकात शेकडो माणसं मारली गेली. पुढच्या वर्षी मार्ली कॅन्सरनं गेला, वय ३६. म्हणून मला मास्तरांचंही पटत नाही आणि रंकाळाकाठ यांचंही नाही. दूत आला, पत्र दिलं, पण वाचलं कोणी? आम्ही पोरं गाणं घेतो आणि त्यातलं सांगणं टाकून देतो. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचतो तेव्हा छाती हादरते, पण गाण्यातला शब्द ऐकू येत नाही. दूत मानायचं असेल तर आधी कान पाहिजे. तो आमच्याकडं नाही, हे मी माझ्या पिढीबद्दल बोलतोय.

रंकाळाकाठ

भावा, फार खरं बोललास. फक्त एवढंच, पत्र कोणी फाडून टाकलं म्हणून पत्र आणणारा खोटा ठरत नाही. तुकोबांची गाथासुद्धा बुडवलीच होती.

माणगाव १९२०

या धाग्यावर अजून वामनदादा कर्डकांचं नाव आलं नाही याचं वाईट वाटलं.

ज्यांना माझ्या नावाचा संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्च १९२० मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. तिथं शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तो पुढारी म्हणजे बाबासाहेब. पण परिषद एकदा होते. बाबासाहेबांचं म्हणणं वाडीवस्तीवर, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत कोणी नेलं? जलशांनी आणि गायकांनी. वामनदादांना स्वतःला मोठेपणी अक्षरओळख झाली. आणि त्या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली. माझ्या आईला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. राज्यघटनेबद्दल तिला जे माहीत होतं ते सगळं गाण्यांतून.

तेव्हा दूत हा शब्द मला मान्य आहे, शंभर टक्के. "आध्यात्मिक" मान्य नाही. वामनदादा कोणा देवाचा निरोप आणत नव्हते. एका माणसाचा विचार माणसांपर्यंत नेत होते. त्यांच्या फोटोला उदबत्ती लावली तर त्यांनी ज्याच्या विरोधात गाणं केलं तेच त्यांच्या गळ्यात घातल्यासारखं होईल. आमच्या घरी फोटो आहे. आम्ही फूल वाहतो, गाणं म्हणतो. धूर करत नाही.

तानपुरा

माणगाव, हे मला सर्वात जास्त पटलं. कोणाचा निरोप ते नाव घेऊन सांगता येतं, तिथं दूत शब्द खरा.

घुमकं

मी फार लिहीत नाही. पण सगळे मोठ्या लोकांबद्दल बोलायलेत म्हणून लिहितो.

मी हलगी वाजवतो. आज्जा वाजवायचा, बापूस वाजवायचा. चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या नाचतात त्या कशावर नाचतात? हलगीवर, सनईवर, पिपाणीवर. खासबागेत पैलवान मैदानात उतरला की पहिला ठोका आमचा. वाजवायच्या आधी हलगी जाळावर धरून तापवावी लागते. कातडं गार असलं तर आवाज बसका येतो. तापलं की बोटानं टिचकी मारून बघायचं, टणत्कार आला की उठायचं. एका हातात जाड टिपरू, एका हातात बारीक काडी. दोन तासांनी बोटांना फोड येतात, त्यावर चिंधी बांधायची आणि परत वाजवायचं. मग कोणाच्या तरी अंगात येतं. लोक त्याच्या पाया पडतात.

आमच्या कोण पाया पडत नाही. पडावं असं म्हणणंही नाही. पण एका गावच्या जत्रेत मी बारा वर्षं गेलो. वाजवून झालं की पालखी देवळात जायची, सगळ्यांना पंगत बसायची आणि आम्हाला द्रोणात वाढून बाहेरच्या कट्ट्यावर द्यायचे. तेराव्या वर्षी मी गेलो नाही.

तुम्ही म्हणता गायक देवाचा दूत. देव तर आमच्या ठोक्यावर येतो, हे सगळा गाव बघतो. मग दूत कोण? ज्याचा फोटो निघतो तोच का?

माळकरी मास्तर

घुमकं, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मी वर "वंदन पावलांना" असं लिहिलं होतं. जत्रेच्या पंगतीत मीही आत बसलेलो असेन, आणि बाहेर कट्ट्यावर कोण आहे ते मी कधी उठून पाहिलं नाही. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारत नाही. पण गावात परत आलो की ते विसरतो. गायकाला दूत म्हणू नका एवढ्यावर मी अडून बसलो होतो. हे मात्र मला आधी दिसायला हवं होतं.

शिवाजी पेठ

घुमकं दादा, मी लहानपणापासून हलगीवर नाचलोय. वाजवणाऱ्याचं नाव एकदाही विचारलं नाही. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

रंकाळाकाठ

आज सकाळी मामांना सरळ विचारलं, फडक्यांना उदबत्ती का? त्यांनी गाडीकडं बोट दाखवलं. म्हणाले, "स्टोव्हला पण लावतो, पातेल्याला पण लावतो, गल्ल्याला पण लावतो. तुम्ही फोटोकडंच बघता." नंतर थोड्या वेळानं, दुसऱ्या गिऱ्हाईकाला चहा देता देता, माझ्याकडं न बघता बोलले: मंडळी (बायको) गेली त्या वर्षी पहाटे गाडी उघडायला पाय उचलायचा नाही. रेडिओ लावला की उचलायचा.

मी दूत वगैरे एवढं सगळं लिहिलं. मामांच्या हिशोबात बाबूजी स्टोव्हशेजारी बसतात, आणि मला वाटतं ती जागा माझ्या शब्दापेक्षा बरोबर आहे. तानपुरा ताईंचे कष्ट आणि माणगाव यांचा आक्षेप दोन्ही तिथं सांभाळले जातात. लोकांच्या ओठावर बसलेला गळा काळाचा निरोप आणतो हे माझं मत अजूनही तेच आहे. फक्त गळाच आणतो असं मी धरून चाललो होतो, ते चुकलं.

घुमकं, खंडेनवमीला तुमच्याकडं हलगीची पूजा असते का? असली तर बघायला यायची इच्छा आहे.

घुमकं

असते. तिघांची हलगी, घुमकं आणि कैताळ एका पाटावर मांडतो. नारळ फोडतो. मग बाहेर शेणी पेटवून हलगी तापवतो आणि पहिला ठोका दारातच.

सकाळी सातला या. मास्तरांनाही आणा. बसायला घोंगडं टाकतो.