"रोज हजार शब्द" म्हणे! अशाने कादंबरी पुढे सरकते?

अर्धवट_वही
शेजारच्या धाग्यावर एकाने छातीठोक सांगितलंय: "रोज १,००० शब्द लिहा, मागे वळून पाहू नका, तीन महिन्यांत पहिली कादंबरी हातात." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

मी हे केलंय. ४१ दिवस, एकही खाडा नाही. ४२व्या दिवशी गाडी रुतली ती दीड वर्षं. नायिकेचा भाऊ सहाव्या प्रकरणातच बिनकामाचा झाला होता आणि मला ते कळलंही होतं. पण मागे बघायचं नाही ना! मग पुढची प्रकरणं त्याला काम शोधून देण्यात गेली. कधी निरोप पोचव, कधी आजारी पड. आकडा फुगला, गोष्ट जागच्या जागी. वेग म्हणजे निर्मीती नव्हे.

पहाटपाळी
तुम्ही ४१,००० शब्दांवर अडकलात. आमच्यातले निम्मे चौथ्या पानावर आहेत, तेही तीन वर्षं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्याची नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला बसायचा. समोर घड्याळ, पाव तासाला २५० शब्द. भाऊ नको होता तर समासात "भाऊ गेला" एवढं लिहायचं आणि तो कधी नव्हताच असं धरून पुढे जायचं. मी नायकाचं नाव तीनदा बदललंय. मागची पानं तशीच आहेत, कुणी मेलं नाही.

अर्धवट_वही
ट्रोलपची पहिली कादंबरी १८४७ची. घड्याळाचं त्याने आत्मचरित्रात सांगितलं ते मुरलेल्या लेखकाची सवय म्हणून. नवख्याला काय त्याचं? त्यापेक्षा अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे बरा: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच उठा, म्हणजे उद्या बसायला जागा राहते. यात आकडा आहे कुठे?

पहाटपाळी
भिंतीवर आहे! रोज किती शब्द झाले ते हेमिंग्वे तक्त्यावर मांडून ठेवायचा, स्वतःची फसवणूक नको म्हणून. सोयीचं तेवढं वाचलंत.

मुद्रितशोधक_७
वादात पडत नाही. पण 'निर्मीती' नव्हे, 'निर्मिती'. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ येत नाही त्यांनी आधी ते शिकावं, मग कादंबरी. शुध्दलेखन हा पाया आहे. बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय, काय काय पाहिलंय ते मलाच ठाऊक.

दुरून_डोंगर
'शुध्द' नाही हो, 'शुद्ध'. द आधी, ध नंतर. पायाच वाकडा निघाला की.

माझ्या पहिल्या मसुद्याची वाट अशाच एका जाणकाराने लावली. निवेदक शेतमजूर, त्याचं 'व्हतं' सगळीकडे 'होतं' करून ठेवलं. परत आलेल्या कागदांत माझा माणूस बातम्या वाचल्यासारखा बोलत होता. त्यानंतर वर्षभर एक ओळ लिहवली नाही.

मुद्रितशोधक_७
मोबाइलचा कीबोर्ड आहे. आणि संवादात बोली चालतेच, मी कधी नाही म्हटलं? पण आख्खं निवेदन 'व्हतं'मध्ये? वाचणार कोण?

दुरून_डोंगर
निवेदक तोच असेल तर निवेदन दुसऱ्या कुणाच्या भाषेत करू? तुमच्या?

पहाटपाळी
अहो, हेच तर मरण आहे! वाक्य संपायच्या आत हा मुद्रितशोधक प्रत्येकाच्या डोक्यात बसतो. मी पहिल्या मसुद्यापुरती लाल रेघ दाखवणारी सोय बंद केली आणि मग कुठे हात सुटला.

मुद्रितशोधक_७
मग तपासायला आमच्याकडेच पाठवता ना शेवटी? ठीक आहे. पहिला मसुदा कसाही लिहा, डोळे मिटून लिहा. पण मला पाठवू नका.

अर्धवट_वही
पहाटपाळी, काल समासात "भाऊ गेला" लिहिलं. तुमच्या सल्ल्यामुळे नव्हे, त्याचा कंटाळा आला होता म्हणून. १,१०० शब्द झाले. मोजले नाहीत, खाली कोपऱ्यात आपोआप दिसतात.

पहाटपाळी
हो हो, आपोआप.