मदत हवी आहे: जुन्या मराठी नियतकालिकांवरच्या प्रबंधासाठी नोंदी, स्कॅन आणि शोध कशात ठेवू?

धागाकर्ती

नमस्कार. प्रबंधाचा काळ १८३२ च्या ‘दर्पण’पासून १८८१ च्या ‘केसरी’पर्यंत. साधारण ४०० स्कॅन पीडीएफ आहेत, एकूण १८ जीबी. १९९० नंतरची संदर्भपुस्तकंही पीडीएफमध्येच. विंडोज लॅपटॉप (८ जीबी रॅम) आणि अँड्रॉइड फोन. ग्रंथालयात इंटरनेट नाही. संदर्भांसाठी झोटेरो ठरलंय.

नोंदींसाठी नोशन, ऑब्सिडियन की जॉपलिन? दुसरं, पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसणारा शब्द शोधात का सापडत नाही? आणि लिहिताना व्हॉट्सॲप, ईमेल कसे आवरावेत? फुकट पर्याय असेल तर उत्तम.

पोथीशाळा

ॲप शेवटी निवडा, आधी शोध मार्गी लावा. मराठी मजकूर सापडत नसेल तर दोन हजार नोंदी कुठेही ठेवल्या तरी ते माळ्यावरचं बोचकंच.

तुमच्या पीडीएफ दोन जातींच्या दिसतात. जुन्या अंकांत नुसतं चित्र आहे, मजकूर नाहीच. नंतरच्या पुस्तकांत मजकूर असतो, पण बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टातला, म्हणजे आत रोमन अक्षरं आणि दिसायला मराठी. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर तो मजकूर शोधासाठी निरुपयोगी.

दोन्हींवर उपाय टेसरॅक्ट या प्रणालीचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं. विंडोजवर ते चालवायला जीइमेजरीडर घ्या, फुकट आहे, मराठीचा भाषासंच त्यात वेगळा उतरवावा लागतो. स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा, त्याखाली आधी अनुस्वार गळतात. डावं-उजवं पान एकत्र असेल तर मधोमध कापून घ्या, नाहीतर ओळी या पानावरून त्या पानावर जातात. त्याऐवजी ओसीआरएमवायपीडीएफ (पीडीएफमध्येच ओसीआरचा मजकूर घालणारं साधन) वापरलंत तर कृतिदेववाल्या फायलींना ‘फोर्स ओसीआर’ हा पर्याय द्यावा लागतो, कारण पानावर आधीच मजकूर दिसला की ते थांबतं. मोडी यातून निघणार नाही. शिळाछापाचा (दगडावरून छापलेल्या हस्ताक्षराचा) मजकूरही हातानेच उतरवावा लागेल.

ओसीआर झाल्यावरही शब्द हुलकावणी देतात, त्याची तीन कारणं.

एक, ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’. दिसायला सारखे, पण पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर). संगणकाला हे दोन वेगळे शब्द. करणाऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे हीच गत. ‘ॲ’चंही तसंच: ते एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. स्वतः टाइप करताना एकच रूप पाळा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग य आणि काना.

दोन, जुनं लेखन. १९६२ च्या नियमांआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास आहेत. ‘काही’ शोधलंत तर तुमच्या काळातलं जवळपास काहीच हाती लागणार नाही.

तीन, झोटेरो मुळात प्रत्येक पीडीएफची पहिली १०० पानंच अनुक्रमित करतं, म्हणजे शोधासाठी वाचून ठेवतं. वर्षभराचे अंक एका फाइलीत असतील तर ऑगस्टनंतरचं सापडत नाही आणि दोष ओसीआरला दिला जातो. सेटिंगमध्ये शोधाच्या भागात पानांची आणि अक्षरांची, दोन्ही मर्यादा वाढवा, मग झोटेरोतल्या फायली निवडून पुन्हा अनुक्रमित करा. नुसती मर्यादा वाढवून जुन्या फायली सुधारत नाहीत.

यामुळेच माझं मत ऑब्सिडियनला. नोंदी साध्या मजकूर-फायलींत राहतात, इंटरनेट लागत नाही, आणि शोधात तिरप्या रेघांमध्ये नमुना देता येतो:

/कां?हीं?/

यात काही, कांही, काहीं, कांहीं चारही येतात. आणि

/दुस...?या/

यात ‘दुसऱ्या’ची सगळी रूपं. फायली साध्या असल्यामुळे नोटपॅड प्लस प्लसमध्ये सगळ्या फोल्डरवर एकदम ‘र्‍’च्या जागी ‘ऱ्’ करता येतं. त्याआधी फोल्डरची प्रत काढा. मूळ अंकातले उतारे मात्र शब्दशः ठेवा, तिथलं ‘नाहीं’ सुधारू नका.

जॉपलिन मुक्तस्रोत आहे, चांगलं आहे, पण नोंदी त्याच्या डेटाबेसमध्ये राहतात, असा एकगठ्ठा बदल सोपा नाही. नोशनमध्ये पानं ऑफलाइनसाठी आधी उतरवून ठेवावी लागतात. ग्रंथालयात नेमकं हवं ते पान राहून गेलेलं असतं.

झोटेरोची फुकट जागा ३०० एमबी. १८ जीबी तिथे मावणार नाही, म्हणून फायलींचं सिंक बंद ठेवा आणि संदर्भांच्या माहितीचं चालू. झोटेरोचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये कधीही ठेवू नका, डेटाबेस बिघडतो. प्रत काढताना झोटेरो बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

सायंशाखा

लक्ष विचलित होण्याबद्दल: विंडोजवर प्रबंधासाठी दुसरं वापरकर्ता-खातं उघडा. व्हॉट्सॲप आणि ईमेल तिथे जोडूच नका. फायरफॉक्समध्ये लीचब्लॉक (ठरावीक साइट अडवणारं विस्तारक) टाकून वेळा ठरवा. त्या खात्यात झोटेरो रिकामं दिसेल, घाबरू नका. डेटा फोल्डर खात्यागणिक वेगळा असतो. सरळ तिकडेच हलवा, दोन्हीकडे चालवू नका.

लिबरऑफिसमध्ये लिहिणार असाल तर भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मराठी निवडा. शैलीत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो. रोमनचा आकार १२ चा १४ केला तरी मराठी हलत नाही, ते यामुळे.

धागाकर्ती

१०० पानांचीच गोष्ट होती, सापडायला लागलं. खूप आभार. आता एकच: सिंकथिंगने (दोन उपकरणांत थेट फायली जुळवणारं ॲप) नोंदी फोनवर जातात, पण पाच-सहा पीडीएफ जातच नाहीत. लॅपटॉपवर त्या नीट उघडतात.

पोथीशाळा

फाइलींची नावं बघा. अँड्रॉइडवर नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र मोजायचे. ‘स्त्री’ एकटीच १८ बाइट. विंडोज चिन्हं मोजतं, बाइट नाही, म्हणून तिकडे तक्रार येत नाही. झोटेरो ज्या साच्यावरून फायलींना नावं देतं त्यात शीर्षकाला ४० चिन्हांची मर्यादा घाला आणि त्या पाच-सहा फायलींना झोटेरोतूनच नवं नाव द्या. एक्सप्लोररमधून बदललंत तर जोडणी तुटेल.