लानोच्या बकला 'पाडस' म्हणणाऱ्यांना उत्तर

हिलकंट्रीकर:
परवा मी मारलेल्या बकचा, म्हणजे नर हरणाचा, फोटो टाकला त्याखाली एकाने लिहिलं, "आमच्याकडे विस्कॉन्सिनला असलं पाडस सोडून देतात, अजून दोन वर्षं वाढू द्यायचं होतं." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. तो बक टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या लानो काउंटीतला. शिंगांना आठ टोकं (पॉइंट), आतडी काढून साफ केल्यावर वजन शंभर पौंडांच्या जरा वर. एवढ्यावरून तुम्ही त्याला पोर ठरवलंत? खालचा जबडा मी सोडवून बघितला, दाढांची टोकं झिजून जवळपास सपाट झालेली, पांढऱ्या इनॅमलच्या मधली तपकिरी पट्टी चांगली रुंद. पोट लोंबतंय, मान थेट छातीतून निघाल्यासारखी. साडेपाच वर्षांचा तरी असणारच. अजून दोन वर्षं थांबून काय मिळणार होतं, शिंगांचा भर याच वयात असतो.

आमच्याकडे खडकावर वीतभर माती, त्यात सीडर आणि लाइव्ह ओकची झाडं, आणि टेक्सासमधली सगळ्यात दाट हरणं इथेच. खायला कमी, तोंडं जास्त. वर थंडी नाही, म्हणजे मोठ्या अंगाची गरजही नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ बर्गमनने 1847 लाच सांगून ठेवलंय. फ्लोरिडा कीजमधला पूर्ण वाढलेला बक 75 पौंडांच्या पुढे सहसा जात नाही, आणि मिनेसोटात 1926 साली मारलेला एक साफ करून 402 पौंड भरला. दोन्ही व्हाइटटेलच, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण. शिंगं मोजून विक्रमांचं पुस्तक ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबने अॅरिझोनाच्या कूज हरणाला वेगळा गट दिला, तिथे 110 इंचांना पुस्तकात नाव लागतं, बाकी सगळ्या व्हाइटटेलला 170. मग हिल कंट्रीच्या बकला कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या मापाने का मोजायचं? शिकाऱ्याची पारख बकच्या वयावर करा, इंचांवर नको.

मॅडिसनकर:
ती कमेंट माझी. कूज ही वेगळी उपजात धरतात म्हणून तिला वेगळा गट आहे, उद्या प्रत्येक काउंटीला वेगळा गट द्यायचा का? आमच्या डॅनबरीचा जॉर्डन बक 1914 चा आहे, 206 आणि एक अष्टमांश इंच, तो विक्रम मोडायला 1993 उजाडलं. असं माप देशभर एकच असतं म्हणूनच त्याला किंमत आहे. आणि दाढा बघून साडेपाच म्हणणं म्हणजे अंदाज आहे. अडीचच्या पुढे भलेभले चुकतात, कारण झीज मातीवर आणि चाऱ्यावर अवलंबून असते. पुढचा दात काढून मोंटानातल्या लॅबला पाठव, ते आतल्या रेघा मोजून सांगतात.

दुसरं म्हणजे फोटोत मागे फीडर, म्हणजे हरणांसाठी मका टाकणारा डबा, दिसतोय. मक्याच्या फीडरसमोर ब्लाइंडमध्ये (लपायच्या खोपटात) खुर्ची टाकून बसायचं आणि वर शिकाऱ्याची पारख या विषयावर बोलायचं, हे मला झेपत नाही.

स्टार्कविलची ताई:
फीडरवर जाण्याआधी थांबा. 'आमचं रक्तच मोठं' हे उत्तरेकडचे लोक नेहमी म्हणतात. इथे मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीच्या डियर लॅबने डेल्टाच्या सुपीक मातीतली, लोएसची (वाऱ्याने आणलेल्या मातीतली) आणि किनाऱ्याकडच्या हलक्या मातीतली हरणं आणून सगळ्यांना तोच 20 टक्के प्रोटीनचा खुराक दिला. पहिल्या पिढीत हलक्या मातीतली मागेच राहिली, पण त्यांची पोरं, म्हणजे जी चांगलं खाल्लेल्या आईच्या पोटी आली, ती बापापेक्षा अंगाने आणि शिंगांनी मोठी झाली. म्हणजे आईने काय खाल्लं तेही पोरात उतरतं. जॉर्जियात हरणं संपत आली होती म्हणून नंतर विस्कॉन्सिनहूनही आणून सोडली होती, रक्ताचंच सगळं असतं तर आज तिथे तुमच्याएवढे बक गल्लोगल्ली दिसले असते.

केरव्हिलकर:
माती माती काय करताय, आमच्याकडे खरी अडचण चितळांची आहे! हो, आपलं ताडोबातलं चितळच. 1932 ला टेक्सासमध्ये आणलं, आता मोकळं फिरतंय. झाडपाला संपला की ते गवतावर निभावतं, व्हाइटटेलला तसं जमत नाही. दुष्काळ पडला की मरतो तो व्हाइटटेल. माझ्या कुंपणात संध्याकाळी तीसचाळीस चितळं चरतात, आणि लोक मला विचारतात तुमचे बक बारीक का. चितळाला सीझन नाही, वर्षभर मारता येतं, मांसही जास्त चवदार, तरी माझी जमीन शिकारीला भाड्याने घेणारे लोक शिंगांसाठी व्हाइटटेलच मागतात. ह्यावर कोणी बोलणार आहे का?

हिलकंट्रीकर:
चितळाचं शंभर टक्के बरोबर. पण मॅडिसनकर, तुझं फीडरचं सोडणार नाही. टेक्सासची पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे, तुझ्यासारखं नॅशनल फॉरेस्ट दाराशी नाही. फीडरसमोर बक आडवा उभा राहतो, त्याची मान, पोट, पाठ निवांत बघून मग वय ठरवता येतं. मी किती तरुण बक असेच बघून सोडलेत. तुमच्या नऊ दिवसांच्या गन सीझनमध्ये पहिल्या सकाळी काय होतं? जे तपकिरी हललं त्यावर गोळी.

मॅडिसनकर:
बघून बोल. माझ्या सासऱ्यांच्या कॅम्पवर दीड वर्षाच्या बकला हात लावत नाहीत, कैक वर्षं झाली. आणि आम्ही मका टाकणं बंद का केलं ते ऐक. विस्कॉन्सिनला सीडब्ल्यूडी, हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग, 2002 ला सापडला, आणि त्यात सगळ्यात जास्त सापडतात ते वयस्क नरच, म्हणजे ज्याच्यामागे तू आणि मी दोघं लागतो तेच. एका ढिगावर दहा तोंडं, लाळ तिथेच, रोग पसरवणारी प्रिऑन प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माझा एक बक दिसायला धडधाकट होता, रटमध्ये (माजाच्या दिवसांत) फुगलेली मान, काही संशय नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तोवर मांस कापून देणाऱ्या प्रोसेसरकडून सॉसेज येऊन पडलं होतं, मुलांनी चाखलंही होतं. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही हे मलाही माहीत आहे, पण त्या आठवड्यात बायकोला ते सांगून बघ. सगळं फेकलं. म्हणून फीडर बघितला की माझं डोकं सटकतं, आणि त्यात मक्यात प्रोटीन आठ-नऊ टक्के, म्हणजे ताईंच्या खुराकाचं नावही घेऊ नकोस.

डे मॉइनवाला:
तुम्ही दोघं भांडा, मोठे बक आमच्याकडे आहेत :) कारण साधं आहे, आयोवात शॉटगन सीझन डिसेंबरमध्ये, रट उरकल्यावर. नोव्हेंबरमध्ये बक डोच्या (मादीच्या) मागे वेडा झालेला असतो तेव्हा रानात मुख्यतः धनुष्यवाले असतात, म्हणून तो वाचतो आणि म्हातारा होतो. विस्कॉन्सिनचा गन सीझन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, रट पुरता ओसरलेलाही नसतो. काळी माती दोघांकडे आहे, फरक कॅलेंडरचा आहे. बेटिंगला, म्हणजे चारा टाकून शिकारीला, इथे मुळात बंदी. माझी तक्रार वेगळीच आहे, सख्ख्या भावाला इलिनॉयहून बोलवायचं तर बाहेरच्यांना मिळून सहा हजार टॅग (परवाने), सोडतीसाठी पॉइंट साठवत वर्षानुवर्षं बसा, आणि तोवर इथल्या जमिनी पैसे घेऊन शिकार घडवणारे आउटफिटरवाले घेऊन टाकतात.

हिलकंट्रीकर:
तुझ्या मुलांचं वाचून वाईट वाटलं, ते खरंच. पण लानोतली हरणं फीडर नसला तरी एकाच पाणवठ्यावर आणि एकाच ओकखाली तोंडाला तोंड लावून खातात, एवढी गर्दी आहे. गर्दी कमी करायची तर डो मारायला हव्यात, त्या फीडरवरच मिळतात. मी दर सीझनला बकच्या आधी डोचे टॅग संपवतो, मांस गरजूंना जातं.

स्टार्कविलची ताई:
हे मात्र कोणीच मनावर घेत नाही. डो कमी केल्या की उरलेल्यांना चारा मिळतो, आणि त्यांची पोरं मोठी होतात. छोटा बक 'खराब रक्ताचा' म्हणून मारून काही होत नाही, दक्षिण टेक्सासच्या कोमांचे रँचवर वर्षानुवर्षं तसं करून पाहिलं, शिंगं सुधारली नाहीत.

मॅडिसनकर:
डोचं मान्य. माती आणि आईचंही, चला, मान्य. लानोचा बक आमच्या दीड वर्षाच्या बकएवढा दिसूनही म्हातारा असू शकतो, पण हा होता का ते दात सांगेल. जबड्याचा बाजूने, जवळून फोटो टाक आणि पुढचा दात लॅबला पाठव. साडेपाच निघाला तर कमेंट काढतो. फीडरबद्दल जे लिहिलंय त्यातला एक शब्द काढणार नाही.

हिलकंट्रीकर:
दात उद्या पोस्टात टाकतो. सीडब्ल्यूडीचं सॅम्पल त्याच दिवशी दिलंय, रिपोर्ट येईपर्यंत मांस वेगळ्या फ्रीझरमध्ये आहे, कोणी हात लावलेला नाही. केरव्हिलकर, तुमच्या चितळांसाठी फेब्रुवारीत आलो तर चालेल का ते कळवा.